आहे ते संपवा

पाडव्याचं श्रीखंड खाऊन चौथ्या दिवशी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली. दोन मोठ्या बॅगांमध्ये तिचे स्वतःचे कपडे जेमतेम. बाकी डिंक, खारीक, बाळंतशेपा, मेतकूट आणि दुपटी. ठाण्याहून विमानतळापर्यंत ती मला सूचना देत होती. गॅसचं बटण, दूधवाल्याच्या खाड्यांचा हिशोब, गॅलरीतली तुळस. आत शिरता शिरता काचेच्या दारापाशी वळली आणि म्हणाली, "आणि हे बघा, नवीन काही भरून ठेवू नका. आहे ते संपवा."

आहे ते म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. लोकांच्या गोदामांतली पोती मोजत गावोगाव हिंडलो, आणि स्वतःच्या घरात चहाची साखर कुठल्या डब्यात आहे हे विचारून घ्यावं लागायचं. बँकेत मालाच्या तारणाचे दोन प्रकार असतात. एकात गोदामाला बँकेचं कुलूप, किल्ली आमच्याकडे. त्याला प्लेज म्हणतात. दुसऱ्यात माल व्यापाऱ्याच्याच ताब्यात राहतो, रोजची उलाढाल तोच करतो आणि महिन्याच्या महिन्याला आपल्याकडे किती शिल्लक आहे ते कागदावर लिहून देतो, ते हायपोथिकेशन. आमचं स्वयंपाकघर गेली चौतीस वर्षं हायपोथिकेशनवर चाललं होतं आणि मी एकदाही स्टॉक स्टेटमेंट मागितलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी करायला घेतलं. एक जुनी वही काढली, रकाने आखले: वस्तू, अंदाजे वजन, जागा, शेरा. दोन दिवस लागले. ओट्याखालच्या ट्रॉल्या, वरचं फडताळ, माळ्यावरचा पत्र्याचा डबा, फ्रीज. एकूण अठ्ठावन्न डबे, बरण्या आणि पिशव्या. चहा लिहिलेल्या डब्यात साबुदाणा. बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी; आमच्या घरात बोर्नव्हिटा पिणं बंद होऊन वीस वर्षं झाली. आइस्क्रीमचे तीन डबे, आणि त्यात काय असतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. एवढंच सांगतो, की माहीत असूनही तिन्ही वेळा माझी निराशा झाली.

फ्रीझरपाशी मात्र मी थबकलो. नोकरीतला एक प्रसंग आठवला. धान्याच्या एका गोदामात पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेलेली, समोरून मोजली तर आकडा कागदाशी तंतोतंत जुळत होता. आमचे जुने शाखाधिकारी मला म्हणाले, वर चढ. चढलो तर थप्पी मधून पोकळ. चारी बाजूंनी एकेक पोतं रचलेलं, आत विहीर. त्या दिवसापासून मी कुठलीच थप्पी समोरून मोजली नाही. आमच्या फ्रीझरचं बरोबर उलटं निघालं. समोर बर्फाचा ट्रे आणि मटारच्या दोन पिशव्या, बस. म्हटलं, एवढंच आहे होय! त्या दोन पिशव्या काढल्या तर मागून मटारच्या आणखी पाच आल्या. मग खवलेल्या नारळाच्या पुड्या, हिरव्या वाटणाच्या वड्या, मागच्या मे महिन्यातला हापूसचा रस, चपट्या पिशवीत पुरण, दोन पिशव्या सोडे, रव्याचं न उघडलेलं पाकीट, आणि अगदी तळाशी, बर्फानं भिंतीला चिकटलेला एक स्टीलचा डबा. त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात दोनच शब्द: राहू दे.

व्यापारी नसलेला माल दाखवतात. ही बाई असलेला लपवत होती.

रात्री तिला व्हिडिओवर एकेक वस्तू दाखवली. पिशवी नुसती कॅमेऱ्यासमोर धरली की ती सांगायची. रवा फ्रीझरमध्ये का, विचारलं तर म्हणाली, किडे होत नाहीत. नंतर वाचलं तर त्यात तथ्य होतं. धान्यातल्या किड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते, त्यामुळे निवडून, चाळून भरलेल्या तांदळातही महिन्याभरानं पोरकिडे 'आपोआप' निघतात. तीन-चार दिवस कडक गोठवलं की ती अंडी मरतात. मटार भरण्याआधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं का टाकायचे, हेही तेव्हाच कळलं. दाण्यातली विकरं गारठ्यानं मरत नाहीत, नुसती मंदावतात, आणि कच्चेच भरलेले मटार महिन्या-दोन महिन्यांत गवतासारखे लागू लागतात. तिला हे विकर-बिकर ठाऊक नाही. चिमूटभर साखर घालून उकळी, लगेच गार पाणी, पंचावर पसरून कोरडे. एवढं तिला ठाऊक आहे.

"आणि हे?" मी स्टीलचा डबा दाखवला.

"ते राहू दे."

"अगं, पण आहे काय त्यात?"

"लिहिलंय ना वर," म्हणाली आणि मुलीला औषध द्यायचं आहे म्हणून फोन ठेवला.

पहिला आठवडा मी एक ढोबळ चूक करत होतो. बारा वाजता भूक लागली की डबे उघडून आज काय करू असं विचारायचो. बाराला मटकीचा डबा उघडून काही उपयोग नसतो. मटकी काल सकाळी भिजत घालायला हवी होती, रात्री फडक्यात बांधायला हवी होती, तर आज दुपारी तिला मोड दिसले असते. छोले रात्रीच. कडव्या वालांचं तर विचारूच नका: रात्रभर भिजवा, दिवसभर बांधून ठेवा, मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून एकेक सोला, तेव्हा कुठे डाळिंब्या हाताला लागतात. म्हणजे बिरडं खायची इच्छा दोन दिवस आधी व्हावी लागते. आपल्याकडे जेवणाचं ठरवणं म्हणजे मुख्यतः भिजत घालण्याचं ठरवणं आहे, हे बासष्टाव्या वर्षी कळलं. मग मी कालनिर्णयाच्या चौकोनांत उलटं लिहायला लागलो. गुरुवारच्या चौकोनात 'उसळ' लिहायचं, बुधवारच्या चौकोनात 'बांधणे', मंगळवारी रात्री 'भिजवणे'. फ्रीझरमधलं काही असेल तर आदल्या संध्याकाळी 'खाली काढणे'. शेजारीच तिच्या अक्षरातले मार्चमधले दुधाचे खाडे होते. दोन्ही अक्षरं एका पानावर बरी दिसत होती.

दुसरी अडचण तळाची. प्रत्येक डब्याच्या तळाशी मूठ-मूठ काहीतरी होतं. मूठभर मसूर, मूठभर चवळी, थोडे मूग, थोडे छोले. एका वेळच्या भाजीला कुठलंच पुरणारं नाही आणि टाकवत तर मुळीच नाही. मी हुशारी करून सगळं एकत्र कुकरला लावलं. मसुराचं पीठ झालं, छोले खडे राहिले आणि चवळी दोघांच्या मध्ये अवघडून बसली. तरी खाल्लं. पुढच्या वेळी मात्र तेच सगळं एकत्र भिजवलं, मिक्सरला लावलं, हिरव्या वाटणाची एक वडी त्यात विरघळवली आणि धिरडी घातली. इतकी चांगली झाली, की फोटो काढून पाठवला. मुलीचं उत्तर आलं, "बाबा, हे हॉटेलात महाग मिळतं." बायकोचं उत्तर आलं, "तवा कुठला घेतलात?"

वालांनी मात्र दगा दिला. माळ्यावरच्या डब्यात किलोभर होते, तिच्या माहेरचे, अलिबागकडचे. दोन दिवस भिजवून, बांधून, सोलून, शिजवूनही त्यातले चतुर्थांश दाताखाली कचकच लागत राहिले. आई अशा न शिजणाऱ्या दाण्यांना गणंग म्हणायची, आणि नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनाही. दमट, उबदार जागी फार दिवस राहिलं, की कडधान्य आतून घट्ट होतं आणि मग शिजवूनही मऊ पडत नाही. माळा ही त्यासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा. म्हणजे जपून ठेवल्यामुळेच ते बिघडले होते. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी सवयीनं लिहिलं: जुना माल, किमतीत धरू नये. मग खोडलं. तिच्या भावानं पाठवलेले वाल होते ते.

मे महिना संपत आला तसा मी अस्वस्थ झालो. दरवर्षी या दिवसांत ती अलिबागला जाऊन सुकी मासळी, कोकमं, मिरच्या घेऊन येते. आमच्याकडे त्याला आगोट म्हणतात. यंदा आगोट नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पण आगोट त्या कायद्याहून कितीतरी जुनी. समुद्र खवळला, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या, वाटा चिखलात गेल्या, की जे घरात असेल तेच. 1988 साली माझी बदली मडगावला झाली होती. तिथे होली स्पिरिट चर्चसमोरच्या फेस्ताला हीच खरेदी बघितली: सुके बांगडे, सुंगटं, मिरच्यांचे ढीग, चिंचेचे गोळे, सोलं. तिकडे तिला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज प्रोव्हिमेंतोवरून आलेला, अर्थ बेगमी. शाखेतले एक सहकारी मला बरोबर घेऊन गेले होते. ते प्रत्येक वस्तू घेताना बोटांवर काहीतरी मोजत होते. मला वाटलं पैसे. ते रविवार मोजत होते. पाऊस सरेपर्यंतचे रविवार किती, तेवढे बांगडे.

आगोटीला असा शेवट असायचा. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला, होड्या गेल्या, ताजं आलं, की उरलेलं सुकं मागे पडलं. वाळवणाचंही तसंच, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डबा रिकामा व्हायलाच हवा, नाहीतर नव्या कुरडया कुठे भरणार? फ्रीझरला असा ऋतू नाही. उणे अठरा अंशांत जंतू वाढत नाहीत, म्हणून वस्तू नासत नाही. चव, वास, पोत हळूहळू जातात, पण ते इतकं हळू की घाई कसलीच नसते. आज काढलं काय, पुढच्या महिन्यात काढलं काय. म्हणून रस मेपासून मेपर्यंत पडून राहतो. तो मी जूनच्या पहिल्या पावसात काढला. रंग होता, वास अर्धा गेला होता. पोळीशी खाल्ला तेव्हा गेल्या वर्षीची पेटी आठवली, आणि ती आणताना रिक्षावाल्याशी झालेलं भांडणही.

खातोय खातोय तरी काही संपत नाही, याचं कारण जूनच्या मध्याला ध्यानात आलं. मटारची एक पिशवी सोडली की मी तीन दिवस मटार खात होतो. मंगळवारी उसळ, बुधवारी भातात, गुरुवारी पोह्यांत. नारळाची एक पुडी तीन भाज्यांना पुरायची. सोड्यांची खिचडी एकदा केली ती दोन दिवस, चारी वेळा. पुड्या फार मोठ्या बांधल्या आहेत असं वाटून एक वजन केली. मोठी नव्हती. अगदी नेमकी होती, चार माणसांची. मुलगा बंगळूरला जाऊन अकरा वर्षं झाली, मुलीच्या लग्नाला सात. आम्ही दोघंच असताना ती एक पुडी काढायची आणि दोन दिवस पुरवायची. मी म्हणायचो, काल पण हेच होतं. ती म्हणायची, उरलं होतं. उरत नव्हतं काही. ती दरवेळी चौघांचं बांधत होती.

हे मी तिला फोनवर बोललो नाही. तिकडे बाळ झालं होतं, मुलगी; रात्रीचा दिवस चालला होता. "काय काय संपलं?" एवढं ती विचारायची, आणि मी वहीतून वाचून दाखवायचो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांची माळ संपली. कुळथाचं पीठ संपलं. सांडगे संपले. भाजणी खवट झाली होती, ती मात्र टाकली, हे मी भरभर सांगायचो. आमसुलं संपत नव्हती. आमसुलं कुणाच्याच घरी संपत नसावीत.

जुलैतल्या एका संध्याकाळी पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि वीज गेली. आठ वाजले, नऊ वाजले. फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर दोन दिवससुद्धा गारठा धरतो, अर्धा असेल तर त्याच्या निम्मा वेळ. गोठलेल्या वस्तूच एकमेकींना थंड ठेवतात. माझा जवळजवळ रिकामा होता. चार महिने मोठ्या अभिमानानं रिकामा करत आणला होता. अकराला टॉर्च घेऊन उघडला तर तळाशी पाणी साचलेलं, शेवटची मटारची पिशवी मऊ, आणि स्टीलचा तो डबा पहिल्यांदाच भिंतीपासून सुटलेला.

एकदा मऊ पडलेलं परत गोठवू नये, एवढं आता मला कळत होतं. चिकटपट्टी ओली होऊन निघालीच होती. आत वाफवलेले अळूवडीचे तीन उंडे होते, कापून तळायचे बाकी ठेवलेले. तारीख नव्हती, पण मला लागली. जानेवारी. मुलगी जानेवारीत तीन आठवड्यांसाठी येणार होती. तिकिटं काढून झाली होती, आणि डॉक्टरांनी या दिवसांत एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. तो फोन आला तेव्हा बायको ओट्यापाशी होती, हात बेसनात. तिनं हात धुतले, बोलली, बरं झालं आधीच सांगितलं म्हणाली. नंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरातच होती, आणि मी बाहेर बातम्या बघत होतो.

टॉर्च डब्यांच्या मांडणीवर टेकवून ठेवला, कढई चढवली, वड्या कापल्या. एकट्यानं तीन उंडे खाता येत नाहीत. समोरच्या बिऱ्हाडात दोन पोरं राहतात, अमेरिकेच्या वेळेनं नोकरी करणारी. वीज नाही म्हणून जिन्यात मोबाइलच्या उजेडात बसली होती. त्यांना हाक मारली. एकजण नागपूरचा, एक ओडिशाचा. ओडिशाच्या पोरानं अळूचं पान तळून खातात हे पहिल्यांदा बघितलं. मटारही तसेच फोडणीला टाकले. रात्री साडेबाराला आम्ही तिघं जिन्यात ताटल्या घेऊन बसलो होतो. "काका, रोज लाइट जायला पाहिजे," नागपूरचा म्हणाला. वीज दीडला आली. रिकाम्या फ्रीझरचा मोटारीचा आवाज त्या रात्री फार मोठा वाटला.

सकाळी तिला सांगितलं. कसं सांगावं याचा विचार करून सांगितलं, वीज गेली होती इथपासून सुरुवात करून. पलीकडे बाळ रडत होतं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊ दे. चिंच कमी नव्हती ना पडली? घसा खवखवला नाही ना कुणाचा?"

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती परत आली, श्रावण सरत आला होता. ती येण्याच्या आदल्या दिवशी मी तिची आज्ञा मोडली. तीन नारळ आणले, खवले (त्यात एक बोटही), आणि फ्रीझरमध्ये ठेवले: सहा पुड्या, दोघांना एका वेळेला पुरेल एवढ्या, प्रत्येकीवर तारीख. वहीचं शेवटचं पान तिला दाखवायला काढून ठेवलं. अठ्ठावन्नपैकी एक्केचाळीस डबे रिकामे, धुतलेले, उन्हात वाळवलेले. तिनं सगळं बघितलं, छान म्हणाली, आणि प्रवासाची दमलेली, सात वाजताच झोपली.

पहाटे तीनला स्वयंपाकघरातून डब्यांचे आवाज आले. ती जागी होती. शरीर अजून न्यू जर्सीतच. ओट्यावर पातेल्यात वाल भिजत घातलेले दिसले. ते गणंग आहेत, मी सांगितलं. माहीत आहे, ती म्हणाली, दुप्पट वेळ भिजवायचे आणि पाणी बदलायचं, त्यातूनही राहतात ते राहतात. फ्रीझर उघडा होता आणि माझ्या सहा पुड्या तिच्यासमोर होत्या.

"ह्या एवढ्याशा कशाला बांधल्यात?"

"दोघांपुरत्या."

ती हसली नाही, रागावलीही नाही. एकेक रबर काढून मनगटात अडकवत गेली, सहाही पुड्या तिनं स्टीलच्या त्याच डब्यात रिकाम्या केल्या, हातानं दाबून सपाट केल्या, झाकण लावलं. पेन मागितलं. चिकटपट्टीवर लिहिलं: सारण, गणपती.

"अगं, पण गणपतीला यंदा येणार कोण आहे?"

"गणपती," ती म्हणाली, आणि डबा मागे, भिंतीला लावून ठेवला.